कारण सापडेपर्यंत

माझ्या बायकोच्या मामांनी उभ्या आयुष्यात एकही बिघाड कारण कळल्याशिवाय दुरुस्त केला नाही. साहजिकच, त्यांच्या हातून दुरुस्त झालेल्या वस्तू फार थोड्या आहेत. टेलिफोन खात्यात त्यांनी बिघाड शोधण्यात नोकरी काढली, आणि खात्याने त्यांना निवृत्त केलं तरी त्यांनी बिघाडांना निवृत्त केलं नाही. दिवा गेला की आपण नवा लावतो; मामा आधी जुन्याची चौकशी करत. जाताना फडफडला का, एकदम गेला का, त्या वेळी घरात दुसरं काय चालू होतं. 'बहुतेक' हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. एकदा डॉक्टर "बहुतेक व्हायरल असेल" म्हणाले, तेव्हा मामा अंगात ताप असताना खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "नक्की कळलं की निरोप पाठवा. मी घरीच आहे." मंडईतून आणलेली काकडी कडू निघाली, तर उरलेली अर्धी घेऊन परत मंडईत गेले. भाजीवाली म्हणाली, "बदलून देते, आजोबा." "बदलून नकोय. कडू का निघाली ते सांगा." बाईने काकडीकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं आणि म्हणाली, "तिलाच इचारा की." मामांच्या मते हे उत्तर डॉक्टरांपेक्षा प्रामाणिक होतं.

देवाधर्माच्या बाबतीत मामा कोरडेच. देवळात गेले तर घंटा नीट टांगली आहे ना एवढं पाहून परत येत. पण दसऱ्याला हत्यारांची पूजा त्यांनी कधी चुकवली नाही. पकड, टेस्टर, लूना, सगळ्यांना फूल. "ज्याने आपलं काम केलं त्याला वर्षातून एकदा कुंकू लावायचं. यात देव कुठे आला?" घरोघरी संगणक आल्यावर त्यांनी या कृतज्ञतेचा विस्तार केला. त्या वर्षी सोनं द्यायला ते आमच्या सदाशिव पेठेतल्या घरी आले, आणि आमचा संगणक पूजेशिवाय बसलेला पाहून त्यांना मनापासून वाईट वाटलं. वसुधाने, म्हणजे माझ्या बायकोने, हळदकुंकवाचं तबक आणलं. मामांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि संगणकाच्या डब्याचं झाकण उघडायला घेतलं.

"अहो मामा, वरून लावा ना," मी म्हणालो.

"जावईबापू, सत्कार माणसाचा करतात, त्याच्या कोटाचा नाही."

आतल्या हिरव्या पाटीच्या कडेला त्यांनी बोट टेकवलं, चार अक्षता वाहिल्या आणि झाकण पुन्हा पक्कं बसवलं.

चार दिवसांनी संगणक सुरू होईना. बटण दाबलं की दिवा लागे, घरघर ऐकू येई, पडद्यावर पांढरी अक्षरं उमटत आणि पुढचं चित्र यायच्या आत सगळं गप्प होई. त्यात गमावण्यासारखं काही नव्हतं. सोसायटीच्या सभांची इतिवृत्तं होती, आणि ती सभेला हजर असलेल्यांनीही कधी वाचली नव्हती. कोपऱ्यावरचा दुकानदार न बघताच "फॉर्मॅट मारू" म्हणाला. मामांनी ते ऐकलं आणि कुणाचं अशुभ ऐकावं तसे कानांना हात लावले. "मी येतो उद्यापासून."

त्या 'पासून'चा अर्थ आम्हाला हळूहळू कळला. मामांचा नियम असा, की एका दिवशी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि यंत्र चाललं, तर श्रेय कुणाला द्यायचं? पहिल्या दिवशी वायर बदलली. दुसऱ्या दिवशी भिंतीतला प्लग. तिसऱ्या दिवशी मेमरीची पट्टी काढून तिचे सोनेरी दात शाळेतल्या खोडरबराने घासले. दुसरा नियम खात्यातला: आधी वीज तोडायची, मगच झाकण उघडायचं, आणि झाकण लावल्याखेरीज वीज जोडायची नाही. त्यामुळे उघडा संगणक चालताना त्यांनी कधी पाहिलाच नाही. रोज चहा घेत ते त्या डब्याकडे असे बघत बसत, की घरातल्या आजारी माणसाकडे आपण इतक्या सभ्यपणे बघत नाही.

नवव्या दिवशी मामा हात धुवायला आत गेले असताना वसुधा ब्रशने आतली धूळ झटकत होती. मधल्या छोट्या पंख्याला तिने सहज बोट लावलं. तो हलेना. पाती आणि चौकट यांच्या मधोमध तांदळाचा एक दाणा रुतला होता, कुंकवाने माखलेला. तिने केसातल्या पिनेने तो काढला आणि मुठीत धरून स्वयंपाकघरात मला दाखवला. दोघांनाही एकदमच कळलं.

"सांगायचं?" मी विचारलं.

"वेडे आहात का? आयुष्यभर दुसऱ्यांचे बिघाड शोधले त्यांनी. हा स्वतःचा निघाला तर खचतील."

बाहेर मामांनी झाकण लावून बटण दाबलं. संगणक सुरू झाला, आणि सुरूच राहिला. मी टाळ्या वाजवल्या. मामांचा चेहरा पडला.

"का सुरू झाला?"

"तुम्ही केलंत ना मामा," वसुधा म्हणाली.

"मी आज काहीच केलं नव्हतं. नुसती पट्टी काढून परत बसवली."

दुसऱ्या दिवशी मामा हजर. आता त्यांना तो पुन्हा बंद पाडायचा होता. जुना प्लग परत बसवला, चालला. तिसऱ्या दिवशी जुनी वायर जोडली, तरी चालला. त्यांचा चहा तसाच निवला. "वय झालं असेल, वसू," ते म्हणाले. "डोळ्यांदेखत घडतं आणि मला दिसत नाही."

वसुधाने उठून डबीत जपून ठेवलेला दाणा आणला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला.

मामांनी तो उजेडात धरून उलटसुलट पाहिला. मग त्यांनी विचारलं, "कुठल्या पात्याला होता?"

"डावीकडच्या. खालच्या."

"हां." त्यांचा चेहरा उजळत गेला. "पंखा अडला, म्हणून आतला भाग तापला, म्हणून बंद. बरोबर आहे! म्हणजे कारण मी." हे त्यांनी इतक्या समाधानाने सांगितलं, की आम्ही तीन दिवस कशासाठी गप्प बसलो होतो ते आम्हालाच कळेना. मग एकदम चप्पल शोधत म्हणाले, "अगं, पण मी अजून चार घरी पूजा केलीय!"

त्याच दुपारी लूनावरून ते चारही घरी जाऊन आले, प्रत्येक दारात उभं राहून "माझी चूक झालीय, झाकण उघडू द्या" असं सांगत. शेवटचं घर लोणी काळभोरला, खात्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याचं. त्याने सांगितलं, "चालू हाय की, साहेब! तुमची पाठ फिरली अन् म्या लगीच समदं झाडून काढलं." "मग बोलला का नाहीस?" "कसं बोलणार? तुमी किती मनापासनं करत हुता."

पुढच्या दसऱ्याला मामा आले, सोनं दिलं आणि संगणकाला लांबूनच हात जोडले. वसुधाने वीज तोडली, झाकण उघडलं आणि तबक पुढे केलं. अक्षता तिने तबकात घेतल्याच नव्हत्या. मामांचा हात तोवर थरथरू लागला होता. कुंकू बोटावरून आत सांडलं. तिने त्यांचं मनगट धरलं आणि दोघांनी मिळून एक टिकली लावली. त्यानंतर दोन दसरे ते आले. दोन्ही वेळा कुंकू सांडलं आणि दोन्ही वेळा ते आम्ही पुसलं नाही.

मामा गेल्यावर वर्षभराने तो संगणक आम्ही भंगारात दिला. भंगारवाल्याने झाकण काढून आत पाहिलं, "आतून गंजलाय, साहेब," म्हणाला आणि वजनावर घेऊन गेला.