पांडुकाकांचा फोटो कोण काढणार?

भित्री माणसं एका ऑफिसात बसवली की बाकी काही पिको न पिको, किस्से मात्र बक्कळ पिकतात. आमच्या कंपनीत आम्ही अकरा जण आणि अकराही एक नंबरचे भित्रे! मुरबाडच्या बाहेर पुठ्ठ्याचे खोके बनवणारी छोटी कंपनी. मी ॲडमिनला. म्हणजे हजेरी बघायला मी, पंखा बंद पडला तर वायरमन आणायला मी आणि कुणाला ओरडायचं असेल तर ओरडा खायलाही मीच. शहापूरला राहतो, किन्हवलीमार्गे रोज मोटरसायकलने येतो.

जुन्या मालकांनी कंपनी विकली आणि नव्या मालकांचा पहिला मेल आला: 'पंधरा दिवसांत सर्व स्टाफचे प्रोफेशनल हेडशॉट पाठवा. फोटो नसेल त्याचं नाव नव्या यादीत येणार नाही. फोटोग्राफर ॲडमिनने निवडावा.'

जेवणाच्या सुट्टीत मी तो मोठ्याने वाचून दाखवला. क्वालिटीच्या सुमनताईंनी उघडलेला डबा परत झाकला.

"तोंडं बघून कमी करनार आपल्याला," त्या म्हणाल्या. "माझ्या नणंदेच्या कंपनीत अस्संच झालं. आधी फोटो मागितले, मग मानसं गेली!"

नणंदेची कंपनी कुठली, हे विचारायचंही कुणाला सुचलं नाही. सगळ्यांनी हळूच पांडुकाकांकडे बघितलं.

पांडुकाका डिस्पॅचला. सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावातले, कंपनीत सगळ्यात जुने. गाडीत खोके कसे रचायचे हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. दिवाळीच्या आधी त्यांच्या तोंडावरून वारं गेलं. हातपाय शाबूत, बोलणंही शाबूत, पण तोंड डावीकडे ओढलं गेलं ते तसंच राहिलं. रिटायर व्हायला दोन वर्षं बाकी. जुने मालक काही बोलले नव्हते. नव्यांना ठाऊकच नव्हतं आणि हेडशॉट म्हणजे छातीपासून वर, नुसतं तोंड!

हात धुताना काकांनी मला बाजूला घेतलं.

"दिनेश, पाठमोरा चालंल काय रे?"

* * *

मी ठरवलं, आधी प्रत्येक फोटोग्राफरकडे स्वतःचा फोटो काढून बघायचा. माणूस बरा वाटला तरच काकांना न्यायचं. उगाच त्यांच्या तोंडाचा बाजार नको.

पहिला मुरबाड स्टँडजवळचा, लग्नांवर चालणारा. त्याने मला स्टुलावर बसवलं, मान तिरकी केली आणि म्हणाला, "दादा, वहिनींना पहिल्यांदा बघितलं तो दिवस आठवा."

मी आठवला. त्या दिवशीही मी घाबरलेलोच होतो. पण त्याला तेच आवडलं. त्याने माझ्यामागे गुलाबाच्या पाकळ्या टाकल्या, वर एक धूसर चंद्र टाकला.

सुमनताईंनी फोटो बघितला. "हा पाठवलास तर तुला कमी नाय करनार रे. मुंबईवरून दुसरं स्थळ येईल!"

आम्ही हसलो, पण निघताना तो फोटोग्राफर जे बोलला होता ते मला आठवलं. "सगळ्यांचे फोटो इन्स्टाला टाकतो, फ्री. अख्खा तालुका बघतो!" काकांचं तोंड अख्ख्या तालुक्याने बघायचं? मी त्याचा नंबरच डिलीट केला.

* * *

दुसरा आमच्या शहापूरचा म्हातारा. गेलेल्या माणसाचा फोटो करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. लग्नातल्या गर्दीच्या फोटोतून आजोबांचं डोकं उचलायचं, खाली कोट चढवायचा, फ्रेम करून द्यायची. चेहरा सरळ, गंभीर आणि स्वच्छ. मला वाटलं, कंपनीला आणखी काय पाहिजे?

आत गेलो तर चारी भिंतींवर माणसं. सगळी कोटातली आणि सगळी माझ्याकडे बघणारी.

"कोट आणला नाय? असू द्या, मी चढवतो," म्हातारा म्हणाला. मी जरा हसलो तर म्हणाला, "हसू नका. घरच्यांना बघवत नाय."

फोटो निघाला. त्याने कानावरची पेन्सिल काढली, पावतीबुक ओढलं आणि मान वर न करता विचारलं, "खाली तारीख एक टाकू का दोन?"

मी पावती न घेता पळालो! तरी त्या भल्या माणसाने फोटो घरी पोचवला. आईने तो उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. आठ दिवस मी मोटरसायकलच्या डिकीत राहिलो.

* * *

तिसरा कसाऱ्याचा. त्याचं नाव मला एका ट्रान्सपोर्टवाल्याने दिलं. "एकदम फास्ट. सांगाल तसा फोटो देतो, जास्त बोलत नाय." हे ऐकून मला बरं वाटलं. न बोलणारा माणूसच आम्हाला हवा होता.

तो खरंच बोलत नव्हता. त्याने मला भिंतीपुढे उभं केलं, समोरून फोटो घेतला, डावीकडून घेतला, उजवीकडून घेतला. मग सवयीने माझ्या कानाशेजारी मोजपट्टी धरली.

मी दचकलो.

"हलू नका हो," तो वैतागला. "माझी मानसं हलत नायत."

तेव्हा मला कळलं की हा घाटातल्या अपघातांचे फोटो काढतो. पंचनाम्याला, इन्शुरन्सला! कसाबसा बाहेर आलो, गाडीला किक मारली, तर तो मागून आला आणि वाकून माझं मागचं चाक बघायला लागला.

"टायर पार गुळगुळीत झालाय," तो म्हणाला. "बदला. नायतर परत भेटू."

मी वीसच्या स्पीडने शहापूरला आलो. घरी न जाता आधी टायरवाल्याकडे गेलो.

* * *

चार दिवस उरले. मला जेवण जाईना. तेव्हा कॉम्प्युटरवर बसणारा आमचा रोशन म्हणाला, "फोटोग्राफर पाहिजेच कशाला? ॲप हाय ना!"

प्रत्येकाने मोबाइलवर सेल्फी काढून त्याला दिला. दहा मिनिटांत दहा जण कोटात, दहा जणांचे दात सारखे आणि मागे काचेची बिल्डिंग. काकांनी मात्र "माझा फोन साधा हाय" म्हणून अंग काढून घेतलं. बाकी सगळे खूश होते, इतक्यात सुमनताईंनी किंकाळी फोडली.

"माझं कुंकू कुठं गेलं?"

ॲपने त्यांना दहा वर्षांनी तरुण केलं होतं, केस सरळ केले होते आणि कपाळ साफ पुसलं होतं. त्यांनी तडक भातसानगरला नवऱ्याला फोन लावला. ते धरणावर नोकरीला.

"तुमी बरे हाव ना? ... नाय, काय नाय. पायऱ्या जपून उतरा."

फोन ठेवून त्या रोशनवर वळल्या. "डिलीट कर मेल्या!"

"करतो, पन सर्व्हरला राहतील."

"सर्व्हर कुठं हाय?"

"असंल अमेरिकेला."

"मग तिथं काय करतात आपल्या तोंडांचं?"

रोशनने ॲपच काढून टाकलं.

* * *

शेवटी मनाली सापडली. सुमनताईंच्या नवऱ्याच्या सहकाऱ्याची मुलगी, भातसानगर कॉलनीतच वाढलेली. जलाशयाकाठी बसून पक्ष्यांचे फोटो काढायची. पक्ष्यांच्या सवयीमुळे असेल, ती हळू बोलायची आणि घाई करायची नाही. कंपनीत येऊन तिने एकेकाला खिडकीजवळ बसवलं. दहा जणांचे फोटो झाले. अकरावे खोक्यांच्या थप्पीमागे उभे होते.

ती कॅमेरा घेऊन तिकडेच गेली. 'हसा' नाही, 'बसा' नाही.

"काका, खालचे खोके दबू नयेत म्हणून गाडी कशी भरता हो?"

झालं! काका थप्पीबाहेर आले. जड खाली, सांधे एकावर एक येऊ द्यायचे नाहीत, दोरी कुठून फिरवायची, हात हलवून सांगायला लागले. ती ऐकत होती आणि मधूनमधून बटण दाबत होती.

तिने मला स्क्रीन दाखवली. अकरा फोटोंत तो सगळ्यात चांगला होता. डोळे लखलखीत, मान ताठ. आणि तोंड सरळसरळ डावीकडे.

मी स्क्रीनवर काकांच्या तोंडाकडे बोट दाखवलं. "हे... कॉम्प्युटरवर सरळ करता येईल का?"

"येईल. पण काकांना विचारलंत?"

"विचारलंय," मी म्हणालो. विचारलं नव्हतं. विचारायची हिंमतच नव्हती.

मनालीने तोंड सरळ करून दिलेला फोटो मुदतीच्या दिवशी मी पाठवून दिला, कुणाला न दाखवता. संध्याकाळी काकांनी गाठलंच.

"कसा आला रे?"

"छान आलाय."

"तोंड?"

"कळून येत नाही," मी म्हणालो आणि हजेरीचं रजिस्टर उगाच चाळत बसलो.

* * *

पुढच्या सोमवारी नवे साहेब मुंबईहून आले. हातात टॅबलेट, टॅबलेटवर आमचे फोटो. एकेका टेबलाशी थांबायचे, फोटो बघायचे, माणूस बघायचे आणि काहीतरी टिपून घ्यायचे. रोशनला नाव विचारलं तर घाबरून त्याने आधार नंबर सांगितला! सुमनताईंना नाव आठवलं, पण त्या माहेरचं सांगून बसल्या.

मग साहेब डिस्पॅचला आले. फोटो बघितला. काकांकडे बघितलं. परत फोटो बघितला.

"हा फोटो तुमचा?"

मी तेव्हाच पुढे होऊन सांगायला हवं होतं की हे माझं काम आहे. नाही सांगितलं. काकांनी नुसतं 'हो' म्हणावं, एवढंच मी मनातल्या मनात म्हणत राहिलो.

काकांनी हात पँटला पुसले आणि टॅबलेट दोन्ही हातांनी धरला. फोटो ते पहिल्यांदाच बघत होते. बघता बघता त्यांचा एक हात आपल्या डाव्या गालावर गेला.

"हा मी नाय साहेब," ते म्हणाले.

"मग कोण आहे?"

काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं. माझं नाव घेतलं नाही.

"मला नाय ठाव. तुमाला कुनाला कमी कराचा असंल तर ह्याला करा. ह्यानं आजपर्यंत एक खोका उचलला नाय. काम मी करतो."

साहेबांनी टॅबलेट परत घेतला आणि माझ्याकडे वळले.

"फोटोग्राफर तुम्ही निवडलात?"

"हो... हो साहेब."

"उद्या यांचा परत काढून घ्या. आहेत तसा."

मी 'हो' म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात मागून काकांचा आवाज आला.

"उद्या नाय जमाचं साहेब. उद्या चार गाड्या भराच्यात."