बर्फ्याचा हरणारा संघ

चिडवायला ठेवलेलं नाव कुणी पेटीवर रंगवून मिरवतं का? आमचा बर्फ्या मिरवायचा. सांगलीजवळच्या कागद गिरणीत आम्ही दोघे फिटर, विश्रामबागेत एकाच खोलीत राहायचो. कँटीनमध्ये कुणीतरी 'बर्फ्या' म्हणून खिजवलं, तर या गड्यानं दुसऱ्याच दिवशी हत्यारांच्या पेटीवर पांढऱ्या रंगात ठसठशीत 'बर्फ्या' लिहून आणलं. वर म्हणतो कसा, "आता वरडा किती वरडायचं ते. माझंच नाव हाय."

या नावाचं मूळ फिनलंडात. पंचाहत्तर साली गिरणीनं तिकडून नवं मशीन मागवलं आणि ते शिकून यायला बर्फ्याला धाडलं. इस्लामपूरकडच्या बौद्ध वस्तीतला पोरगा विमानात बसला, हे पुष्कळांच्या पोटात दुखलं. "धाडायला ह्योच गावला व्हय?" असं पाठीमागं चालायचं, तोंडावर मात्र सगळे गोड. तो परत आला आणि हॉकीचं सांगायला लागला, तेव्हा या मंडळींना चिडवायला आयतंच निमित्त मिळालं.

त्या हिवाळ्यात तिकडं बर्फावरच्या हॉकीची नवी, सगळ्यात वरच्या दर्जाची स्पर्धा सुरू झाली होती. बर्फ्या ज्या गावात राहायचा, त्या गावाचा संघही तीत होता. पात्याचे बूट घातलेली माणसं बर्फावर सुसाट घसरतात, काठीनं रबराची काळी चकती हाणतात, असं तो हातवारे करून सांगायचा. त्याचा संघ मात्र सगळा हंगाम मार खात होता, खालच्या गटात ढकलला जायची वेळ आली होती. "हरत्यात म्हणून कोण घराकडं जात न्हवतं रं. शेवटची शिट्टी वाजंस्तवर समदं गाव हुबं. मीबी हुबा. आन् मराठीतनं लय शिव्या घातल्या पंचाला!" तिथल्या म्हाताऱ्यांनी म्हणे त्यातल्या दोन शिव्या पाठसुद्धा केल्या.

त्या खेळात आडदांडपणा केला की पंच खेळाडूला दोन मिनिटं बाहेर बसवतो. बर्फ्यानं हा कायदा आमच्या वर्कशॉपात लागू केला. कुणी वाकडं बोललं की बोट दाखवायचा, "दोन मिन्टं भाईर!" गंमत म्हणजे लोक हसत हसत बाकावर जाऊन बसायचे. एकदा स्वतःच्याच तोंडून शिवी गेली, तर स्वतः जाऊन बसला.

फक्त तात्या मिस्त्री कधी बसला नाही. वयानं मोठा, बर्फ्याकडं आलेल्या नव्या मशीनच्या चार्जवर डोळा ठेवून असलेला. "बर्फावर माणूस हुभा ऱ्हातोय व्हय? थापा मारतंय. ह्यो म्हमईच्या फुडं गेलाच न्हाई," असं तो कँटीनभर सांगत फिरला. बर्फ्या उसळला. "चल बर्फाच्या कारखान्यात. दावतो!"

त्यानं जुन्या बुटांना लोखंडी पट्ट्या घासून ठोकल्या. रविवारी कारखान्यात लाद्या एकीला एक लावून मांडल्या. आम्ही पाचपन्नास माणसं जमलो. बर्फ्या बाहेर बुटांच्या वाद्या आवळत बसला होता, तोवर कारखान्यातल्या गड्यांनी, बर्फ वितळू नये म्हणून, रोजच्या सवयीनं लाद्यांवर लाकडाचा भुसा पसरला. त्यांचाही काय दोष म्हणा! बर्फ्या ऐटीत धावत आला, पाती भुशात रुतली आणि पठ्ठ्या नाकावर आपटला. हसून हसून लोक बसले. नाकातून रक्त येत असताना बर्फ्या ओरडत होता, "फिनलंडात भुसा टाकत न्हाईत! झाडा त्यो, झाडा!" पण ऐकायला थांबलं कोण? मला त्या दिवशी सगळ्यांचा भयंकर राग आला.

मग तात्याच्या माणसांनी ठरवलं, थापाड्याच्या हाताखाली काम करणार नाही. साहेबांनी बर्फ्याला बोलावलं. मीही दारात होतो. साहेब माणूस वाईट नव्हता, बर्फ्या खरंच जाऊन आलाय हे त्याला ठाऊक होतं, त्याला फक्त कटकट नको होती. "अरे, चेष्टा केली म्हण सगळ्यांसमोर. मिटलं. चार्ज तुझाच."

"साहेब," बर्फ्या म्हणाला, "मी तितं हुबा होतो. न्हवतो म्हनलो, तर मग मी गेलो कुटं होतो?"

साहेबांनी कपाळाला हात लावला. चार्ज तात्याला मिळाला. बर्फ्यानं महिनाअखेरीला राजीनामा दिला आणि लोणंदकडं काम धरलं.

मी त्याला गाडीवर सोडायला गेलो. मला राहवेना. म्हटलं, "एक वाक्य बोलला असतास तर काय बिघडलं असतं रं?" तो पेटीवर बसून शेंगा सोलत होता. त्यानं टरफलं फुंकून उडवली आणि दुसरी शेंग फोडली. मग मीच विषय बदलला, "तुझा तो संघ शेवटी वरच्या गटात राहिला का रं?"

"कुणाला ठावं? शेवटच्या मॅची ऱ्हायल्या आन् माझं तिकीट आलं."

"म्हणजे तुला निकालच माहीत नाही?"

"निकाल कळला न्हाई म्हून बाजू सोडायची व्हय?" असं म्हणून त्यानं उरलेल्या शेंगा माझ्या हातात कोंबल्या आणि डब्यात चढला. गाडी गेली तरी मी बराच वेळ तिथंच उभा होतो. डोळे भरले होते, खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये तात्या मोठ्यानं म्हणाला, "गेला का त्यो फिनलंडवाला?" सगळे हसले. माझं डोकंच फिरलं. मी उभा राहिलो आणि तो हंगाम पहिल्यापासून सांगायला लागलो. पाती, चकती, रोजचा पराभव, शेवटच्या शिट्टीपर्यंत न हललेलं गाव. हळूहळू कपबशांचे आवाजसुद्धा थांबले.

"तू बघाय गेलतास व्हय रं?" तात्यानं विचारलं.

"न्हाई," मी म्हणालो. "त्यो गेलता."