मधोमधची रेघ

प्रयोगशाळेत त्यांना सगळे घारकाका म्हणायचे. तीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेला माणूस. नवीन पोरं कॅमेऱ्यावर भिस्त ठेवायची आणि फोटो धूसर आला की शेवटी यांच्याकडेच यायची. काकाही मग भाव खायचे. आधी चहा, मग बघणं. थोडा तोरा होताच, खोटं कशाला बोला!

काम म्हणाल तर एकच. जिवाणू दुभंगायच्या आधी त्याच्या बरोबर मध्यावर एक प्रथिन गोळा होतं, कडं करून बसतं. ते बसलं की बाकीची प्रथिनं एकामागून एक तिथे येतात, भिंत आत ओढली जाते आणि एकाचे दोन होतात. पहिलंच जमलं नाही, तर बाकीच्यांना जायचं कुठे तेच कळत नाही. जिवाणू नुसता लांबत जातो. त्या कड्याला चमकणारा रंग असायचा. शंभर पेशी बघायच्या आणि किती पेशींत मधोमध उजळ रेघ आहे ते काकांनी लिहायचं.

पीएचडी करणाऱ्या एका मुलीने नव्या जातीचे जिवाणू तयार केले. कॅमेरा दुरुस्तीला गेलेला, म्हणून ते आणि तुलनेसाठी नेहमीचे साधे जिवाणू काकांनीच मोजले. साध्यांत शंभरात ब्याण्णव, नव्यांत फक्त नऊ! आणि पेशी तर मजेत दुभंगत होत्या. कड्याशिवाय? हे आक्रितच. दोन वर्षं हात चोळत बसलेली पोर हरखून गेली. तिने स्वतः परत पाहिलं नाही. काकांनी पाहिलंय म्हणजे पाहिलंय.

लेख पाठवायच्या आदल्या दिवशी काका डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले, चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून. डॉक्टरांनी चौकटींचा कागद पुढे धरला, मधल्या ठिपक्याकडे बघा म्हणाले. काकांना ठिपकाच दिसेना. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय, कडेचं दिसत राहील, चष्म्याने भागायचं नाही, असं डॉक्टरांनी समजावलं.

काकांना ती मोजणी आठवली. साध्या जिवाणूंतही त्यांना रेघ दिसली नव्हती. तेव्हा त्यांना वाटलं, दिवा मंदावलाय. साध्यांत रेघ असतेच, त्यात काय बघायचं, म्हणून ब्याण्णव लिहून मोकळे झाले. नव्यांत मात्र दिसलं तेच लिहिलं. जन्मात एकदा लबाडी केली, तीच अंगाशी आली.

गप्प बसता आलं असतं. निवृत्तीला चारच महिने होते. पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, आणि सकाळी ते तिच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले.

"पोरी, ती रेघ असेल तिथे. मलाच दिसत नाही."

मग ब्याण्णवचंही सांगितलं. ती सूक्ष्मदर्शकाशी बसली. एक काच पाहिली, दुसरी, तिसरी.

"सगळ्यांत आहे, काका."

दोन वर्षं पाण्यात गेली होती. तुझ्या सरांना मी सांगतो, चूक माझी, असं काका पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. ती उठून त्यांच्यासमोर आली.

"रागावलीस का गं?"

तिचे डोळे भरलेले, तरी त्यांच्याकडे बघून ती कशीबशी हसली. काकांना तिचे केस दिसत होते, खांदे दिसत होते, मागची खिडकी दिसत होती. ते उत्तराची वाट बघत उभे राहिले.