नंदूला दोन खोल्या हव्यात

मांडवा जेट्टीबाहेरच्या चहाच्या टपरीवर आम्ही तीन एजंट रोज बसतो. मुंबईहून बोट आली की क्लायंट उतरतो. नाही उतरला की किस्सा सुरू होतो. इथल्या जमिनी संपत आल्या, किस्से मात्र साठतच चाललेत! तिघं म्हणजे मी, मुरुडचे शरीफभाई आणि नंदू. नंदूने अर्धं गाव विकून दिलं. त्याच गावात तो मध्यंतरी बायको-मुलीसाठी दोन भाड्याच्या खोल्या शोधत होता. ते पुढे सांगतोच.

*

आमची साइट व्हिजिट भरतीच्या वेळेला असते. आधी तिथी बघायची, भरतीची वेळ काढायची, मगच क्लायंटला बोलवायचं. कारण ओहोटीला समुद्र पार लांब जातो आणि 'सी-फेसिंग' प्लॉटसमोर नुसता चिखल उरतो.

एकदा शरीफभाईंचा क्लायंट ठरल्यापेक्षा तीन तास आधीच्या बोटीने आला. प्लॉटवर उभा राहून म्हणाला, "समुद्र कुठाय?"

शरीफभाईंनी घड्याळात पाहिलं. "आपण लवकर आलात, साहेब. तो अडीचला येतो."

साहेब थांबले. अडीचला समुद्र आला. साहेबांनी प्लॉट घेतला!

*

दुसऱ्या एका साहेबांनी शरीफभाईंचा नंबर फोनमध्ये 'मांडवा एजंट' म्हणून सेव्ह केला होता. नाव विचारलंच नव्हतं. नारळाच्या वाडीत उभं राहून त्यांनी हळूच विचारलं, "एरिया कसाय? म्हणजे... मिक्स तर नाही ना?"

शरीफभाई म्हणाले, "नाही साहेब. फक्त मी आहे. आणि मीसुद्धा पाचच्या एसटीने मुरुडला जातो."

हे ऐकून टपरी हसली. मी हसलो, पण मला संताप आला होता. शरीफभाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "गुस्सा कशाला? वाडी त्यांनी माझ्याकडूनच घेतली ना! आता ईदला शीरखुर्मा मागतात."

*

आता नंदू. त्याची जीभ धंद्याची. जागा दिसली की सल्ला तोंडातून निघालाच. पावसाळ्यात तो घरमालक वामनकाकांकडे काही कामाने गेला होता. ऐसपैस अंगण बघून सवयीने म्हणाला, "काका, भाडोत्री ठेवून जागा फुकट घालवताव. होमस्टे करा! दोन एसी लावलं की काम झालं."

काकांना लगेच पटलं.

"पन भाडोत्री कोन हाय, ह्ये माझ्या ध्यानातच न्हाय आलं," नंदू आम्हाला सांगत होता.

दिवाळीपर्यंत नंदूनेच खोल्या खाली करायचं ठरलं. होमस्टेचा बोर्ड कुणाकडून रंगवून घ्यावा, हेही काकांनी नंदूलाच विचारलं. नंदूने चांगला पेंटर सुचवला!

*

मग शोध सुरू झाला. पहिल्या घरी विचारलं तर उत्तर आलं, "महिन्यावर देणं बंद केलं बाबा. आता दिवसावर देतो." दुसऱ्या घरी नंदूची लांबची आत्या. तिची मागची पडवी रिकामीच होती.

आत्या म्हणाली, "एजंटाला न्हाय देनार. तू आत आलास की घर इकायला निघंल!"

"आत्ये, अगं तुझा प्लॉट मीच इकला. भाव चांगला दिला का न्हाय?"

"दिलास की. म्हनून तर भ्याव वाटतं!"

शरीफभाई मुरुडला जागा बघून द्यायला तयार होते. पण नंदूची मुलगी सातवीत, शाळा इथली. वर्षाच्या मध्ये शाळा तोडायची नाही, यावर नंदू अडून बसला. दिवाळी पंधरा दिवसांवर आली. आम्ही दोघं मोठे एजंट म्हणवतो, पण आमच्याच माणसाला दोन खोल्या मिळवून देता येईनात. लाज वाटत होती.

*

इकडचे बंगलेवाले वर्षातून चार-सहा दिवस येतात. खाऱ्या हवेत बंद घर खराब होतं. म्हणून चावी एजंटकडे ठेवतात. आम्ही अधूनमधून जाऊन खिडक्या उघडायच्या, पंखे फिरवायचे, नळ सोडायचे. नंदूकडे अशा पाच बंगल्यांच्या चाव्या.

दिवाळीला त्याने खोल्या खाली केल्या. सामान मेव्हण्याकडे पेणला गेलं. "राहतोस कुठं?" मी विचारलं.

"झाली सोय," तो म्हणाला. मला हायसं वाटलं. मी तीन चहा सांगितले.

त्यानंतर बंगलेवाले नंदूवर भलतेच खूश! एक मॅडम तर बोटीत चढता चढता म्हणाल्या, "नंदू, या वेळी घर अगदी राहतं वाटलं!"

"ध्यान ठेवतो, मॅडम," नंदू म्हणाला.

माझी बायको गावच्या शाळेत शिकवते. वर्षातून एकदा प्रत्येक मुलाच्या घरी जाऊन यायचा त्यांच्या शाळेचा नियम आहे. तिने नंदूच्या मुलीला वर्गात विचारलं, "तन्वी, पुढच्या आठवड्यात येते गं तुमच्याकडे. नवं घर कुठंय?"

तन्वीने बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाली, "कुठल्या वारी येनार, बाई?"