कापूस मावू नये असं स्वयंपाकघर

आमच्या घरी दिवाळी झाली की माय स्वयंपाकघर सोडायची आणि होळीच्या आगेमागे परत आत जायची. मधले चार महिने त्या खोलीत कापूस राहायचा. चूल, पाटा, डबे, पिठाची कोठी, सगळं अंगणातल्या टिनाच्या छपरीत जायचं. छपरीला दोन बाजूंनी भिंत, तिसरीकडे गोठा आणि चौथी बाजू उघडी. थंडीत त्या उघड्या बाजूनं वारा यायचा आणि माय तिकडे पाठ करून बसायची. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. अर्ध्या गावात हेच होतं. कापूस म्हणजे वर्षाची कमाई. त्याला कोरडी, फरशीची, कुलूप लागणारी खोली पाहिजे. माणसं काय, कुठंही राहतात.

मी घरातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी मुद्दाम सांगते, कारण ते खरं आहे आणि त्यासाठी मी मेहनत केली आहे. बी.एस्सी. झाल्यावर चिखलीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत नोकरी लागली. सकाळी उंद्रीहून एसटी, संध्याकाळी परत. दोन वर्षं पगारातून मागं टाकलं आणि ठरवलं, मायला स्वयंपाकघर करून द्यायचं. उभ्यानं काम करायचा ओटा, खाली कपाटं, ओढली की बाहेर येणाऱ्या ट्रॉल्या, मसाल्याचे कप्पे. एका दुकानातून रंगीत पुस्तक आणलं. आलेखाच्या वहीत नकाशा काढला. खिडकीखाली ओटा, उजवीकडे मोरी, डावीकडे गॅस, मधली जागा मोकळी. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात माझं नाव टाकलं आणि पुढे बी.एस्सी. लिहिलं.

माझा विचार असा, की एवढं चकचकीत झाल्यावर बाबा तिथं कापूस टाकणार नाहीत. त्यांनाच बरं वाटणार नाही.

बाबांनी नकाशा उलटासुलटा करून पाहिला. "बेस हाय," म्हणाले. "मधी मोकळी ठेवली हे अक्कलेचं काम केलं. वीस-पंचवीस गाठोडे आरामात मावतीन."

मला वाटलं ते मजा करताहेत.

काम करायला मिस्तरी चाचा आले. चाचा आमच्या भागातले जुने सुतार. बाबांच्या तिफनी, वखरं, डवरे, सगळं त्यांच्याच हातचं. तिफन म्हणजे तीन नळ्यांचं पेरणीचं अवजार. बैलामागं ती चालली की वरून सोडलेले दाणे ओळीत पडायचे. बीटी कापूस आला आणि बियाणं इतकं महाग झालं की तिफनीतून सोडायची कुणाची हिंमत होईना. दोरी धरून बायांनी एकेक दाणा हातानं लावायचा. ज्वारी तर गावातून उठलीच. दोन-तीन हंगामांत चाचांकडे तिफन मागणारं कुणी राहिलं नाही. मग त्यांनी चिखलीला एका फर्निचरवाल्याकडे चार महिने काम केलं आणि वयाच्या पन्नाशीनंतर प्लाय कापायला शिकले. आमच्या गावातलं हे त्यांचं पहिलंच स्वयंपाकघर होतं.

मी त्यांच्यासमोर पुस्तक उघडून ठेवलं. "चाचा, ओट्याची उंची बत्तीस इंच. यात दिलंय."

चाचांनी चष्मा वर केला. "बेटा, या फोटोतली बाई केवढी उंच हाय?"

"ते नाही दिलेलं."

"मंग तुहं पुस्तक अर्धंच हाय." ते मायकडे वळले. "वहिनी, जरा उभ्या राहा इथी. भाकर थापून दाखवा."

"पीठ कुठी हाय?" माय म्हणाली.

"हवेतच थापा. मले कुठी खाची हाय?"

माय हसत हसत हवेत भाकर थापायला लागली. वर्षानुवर्षं वाकून सरकी लावलेली, कापूस वेचलेला. तिची पाठ पूर्ण सरळ होतच नव्हती. चाचांनी तिच्या कोपराखाली टेप धरला. साडेएकोणतीस. त्यांनी पेन्सिलनं भिंतीवर रेघ ओढली आणि माझ्या नकाशाकडे परत पाहिलं नाही.

"बसून कराचं असन तर खाली एक पाट बसवून देतो," ते मायला म्हणाले.

"नाई," माय म्हणाली. "बसल्या बाईले उठ म्हनता येते. मी उभीच राह्यतो."

त्यानंतर चारेक दिवसांनी मी एसटीतून उतरून घरी आले तर स्वयंपाकघराच्या बरोबर मधोमध विटांचं बांधकाम उभं होतं. गवंडी हात धूत होता. पाच फूट लांब, अडीच फूट रुंद, जमिनीतून वर आलेलं. बाजूला चाचा जुनी दोन फळ्यांची रुंद चौकट उखडून त्या जागी नवी अरुंद चौकट बसवत होते.

"हे काय आहे?"

"मधला ओटा," माय म्हणाली. "याच्यावर गॅस. भाकरी इथी, भाजी इथी. चारी बाजूनं फिरता येते."

"नकाशात नाही हा!"

"नकाशात नसन. माह्या डोक्यात व्हता."

मी चाचांकडे पाहिलं. ते पटाशीला धार आहे की नाही ते अंगठ्यानं तपासत होते. "चाचा, मला न विचारता?"

"मी वहिनीले इचारलं बेटा. सैपाक त्याइले कराचा हाय."

"आणि हे दार? चार फुटांचं दार पावणेदोन केलं! उद्या फ्रीज कसा जाईल?"

"फ्रीज नाई जाईन," चाचा शांतपणे म्हणाले. "गाठोडंही नाई जाईन."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. माय एकेक गोष्ट विचार करून सांगत होती. मधे ओटा, म्हणजे ढीग घालायला जागा नाही. भिंतीकडची कपाटं पायांवर नाहीत, थेट जमिनीपासून, म्हणजे ती सरकवता येणार नाहीत. खिडकीला लोखंडी गज आणि जाळी, कारण पूर्वी खिडकीतूनही कापूस आत लोटायचे. माझ्या पुस्तकात शेवटच्या पानावर असाच मधला ओटा होता. मोठ्या शहरात तो शोभेसाठी करतात. मायनं पुस्तक पाहिलं नव्हतं. तिनं तो बाबांसाठी केला होता.

तरी मला राग आला होता. रात्री जेवताना मी म्हटलं, "बाबांशी बोलली असतीस तर झालं असतं. भिंती कशाला बांधायच्या?"

"बोलली ना. सात वर्षं बोलून राह्यली."

"सात? कापूस तर आपल्याकडे आधीपासूनच आहे."

"पह्यले सैपाकघरात नव्हता," माय म्हणाली. तिनं माझ्या ताटात भाजी वाढली. "पह्यले तुह्या खोलीत असे. तू अकरावीले गेली, मंग तुह्या बाबानं ती खोली तुले अभ्यासाले देल्ली. त्याच साली बीटी लावला, कापूसही लय झाला. मंग तो गेला कुठी? मावीन तठी गेला."

तिनं हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. कांदा कुठे ठेवलाय हे सांगावं तसं सांगितलं. मी माझ्या खोलीत गेले. टेबल, लोखंडी कपाट, भिंतीवर चिकटवलेला आवर्त सारणीचा तक्ता. खालून दोन-अडीच हात भिंतीचा रंग वेगळा होता, पोपडे आलेला. मला तो ओलाव्यानं आलाय असं वाटायचं. ती कापूस तुडवून दाबला त्याची खूण होती.

बाबा दिवसभर शेतात असायचे, त्यांनी स्वयंपाकघर पूर्ण झाल्यावरच नीट पाहिलं. त्यांनी दारात दोन्ही हात आडवे करून चौकटीचं माप घेतलं. मग मधल्या ओट्याला एक चक्कर मारली, ट्रॉली ओढून पाहिली, परत ढकलली.

"कोनासाठी केलं हे, माईत हाय मले," ते मायला म्हणाले.

"चांगलं झालं. सांगाचा ताप वाचला."

"अन् कापूस काय डोक्यावर ठेवू?"

"ठेवा. तुमचं डोकं मोकळंच हाय."

मिस्तरी चाचा पटकन अवजारं गोळा करून निघून गेले.

बाबांना मी दोष देत नाही. एका वर्षी त्यांनी दिवाळीलाच कापूस विकला आणि संक्रांतीला भाव वर गेला. ते त्यांच्या मनातून कधी गेलं नाही. शिवाय ती वर्षं वाईट होती. गावात दोन घरांतले कर्ते पुरुष गेले. कसे गेले ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. अशा वेळी घरात कापूस दिसला की बाबांना झोप यायची. कापूस ही त्यांची झोप होती आणि ती कुठंतरी ठेवायलाच पाहिजे होती.

त्या हंगामात पहिल्या वेचणीचा कापूस आला आणि बाबांनी तो अंगणात ताडपत्रीवर रचला, वरून दुसरी ताडपत्री घातली आणि बाजूला खाट टाकली. जेवायलाही ते आत येईनात. ताट बाहेर न्यावं लागायचं. माय आत, मधल्या ओट्यापाशी उभी, आणि बाबा बाहेर खाटेवर. मधे पावणेदोन फुटांचं दार. दोघं एकमेकांशी माझ्यामार्फत बोलायची.

"तुह्या मायले म्हन, मीठ कमी हाय."

"तुह्या बाबाले म्हन, आत येऊन घ्या म्हनावं. आत मसाल्याचा अलग कप्पा हाय."

असे तीन आठवडे गेले. ढीग माझ्या खांद्याच्या वर गेला.

दिवाळीनंतरचा एक रविवार होता म्हणून मी घरी होते. दुपारी आभाळ भरून आलं. लोणारकडून, दक्षिणेकडून. त्या दिवसांत पाऊस यायला नको, पण तो येतो. आधी वारा सुटला आणि वरची ताडपत्री एका बाजूनं उडून गोठ्यावर जाऊन पडली. बाबा एकटेच तिच्यामागे धावले. मोठे मोठे थेंब पडायला लागले.

बाबांनी एक गाठोडं बांधलं, डोक्यावर घेतलं आणि सवयीनं स्वयंपाकघराकडेच गेले. ते दारात अडकलं. पुढेही जाईना, मागेही येईना. बाबा त्याच्याखाली वाकलेले, मान दबलेली.

माय आत होती. तिनं गाठोड्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. मग पुढे होऊन तिनं आतल्या बाजूनं गाठोड्याची गाठ सोडली. कापूस भसकन आत फरशीवर पडला.

"पाहून काय राह्यले?" ती म्हणाली. "टोपल्यानं आना."

आम्ही तिघं पळत होतो. टोपली, घमेलं, माझी ओढणी, चादर. माय आत उभी राहून भरत होती. आधी फरशी, मग मधला ओटा, गॅसची शेगडी उचलून बाजूला. मग तिनं कपाटांची दारं उघडली आणि कपाटांत कोंबायला लागली. डबे काढून बाहेर ठेवले आणि त्यांच्या जागी कापूस. ट्रॉल्यांत कापूस. मसाल्याच्या लहान कप्प्यांतसुद्धा मुठी मुठी कापूस दाबून बसवला. चाचांनी एवढ्या निगुतीनं केलेले कप्पे. सगळे पांढरे झाले. खालचा थोडा भिजला, बाकी सगळा वाचला.

संध्याकाळी पाऊस थांबला. मायनं शेगडी छपरीत नेली.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. तिसऱ्या दिवशीही. अंगण सुकलं. बाबा कापसाला हात लावेनात. चौथ्या दिवशी मी कामावरून आले तेव्हा ते खाट घेऊन ओसरीत आले होते आणि चांगले घोरत होते. माय छपरीत उघड्या बाजूकडे पाठ करून खाली बसली होती, भाकरी करत. साडेएकोणतीस इंचांचा ओटा आत कापसाखाली.

"बाबांना काढायला सांग ना," मी म्हटलं.

"मीच टाकला वं. आता कोन्त्या तोंडानं सांगू?"

पुढच्या रविवारी सकाळी मी माझी खोली रिकामी करायला घेतली. टेबल ओसरीत ओढलं. पुस्तकं पोत्यात बांधली. आवर्त सारणीचा तक्ता सोलून काढला, तो फाटला.

बाबा उठून बसले. "हे काय करून राह्यली?"

"कापूस इकडे आणते."

"ती तुही अभ्यासाची खोली हाय."

"अभ्यास झाला बाबा. सर्टिफिकेट आलं."

"नोकरीवाल्या पोरीले खोली नाई म्हनून लोक काय म्हनतीन?"

"आपल्याकडे बाईले सैपाकघर नाई म्हनून कोनी काई म्हनलं का?" मी म्हणाले. मी घरात शुद्ध बोलायचे, पण तेवढं वाक्य मायच्या बोलीत आलं.

माय छपरीतून धावत आली. ती माझ्या बाजूनं नव्हती. "नाई वं, तुही खोली कायले? त्याच्यापायी तर..." एवढं म्हणून ती थांबली. मी टोपली भरून चालायला लागले होते. दहा-बारा खेपा मी एकटीनंच केल्या. मग बाबा उठले, त्यांनी माझ्या हातातली टोपली घेतली आणि म्हणाले, "अशी भरतेत का? हात दाबून भर." संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी सगळा कापूस हलवला. कपाटांच्या कोपऱ्यांतून तो मायनं सुईनं काढला. दाराच्या बिजागऱ्यांत राहिलेला नंतर दोन वर्षं निघत होता.

माझ्यासाठी जागा उरली नव्हती. ओसरीत थंडी होती. मायनं माझी गोधडी स्वयंपाकघरात घातली, मधला ओटा आणि भिंतीकडची कपाटं यांच्या मधल्या फटीत. दोन फूट सात इंच. कूस बदलली की गुडघा ट्रॉलीला लागायचा. तिथं मी होळीपर्यंत झोपले. कामावर कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही होतं असं तेव्हा वाटलं नाही.

माय पहाटे पाचला आत यायची. दिवा लावायची, शेगडी पेटवायची आणि माझ्या पायाशी उभी राहून काही वेळ पीठ मळायची. मग पायानं हळूच ढोसायची.

"सरक वं. मले सैपाक कराचा हाय."

मी गोधडी गुंडाळायची आणि एसटीच्या तयारीला लागायची.