आज माझ्या कादंबरीतली मुलगी घरातून निघाली

मंडळी, मी अद्भुतरम्य कादंबरी लिहिणार, असं चार वर्षं तुम्हाला सांगतेय. सात राज्यांचे नकाशे झाले, राजांच्या वंशावळी झाल्या. पहिलं वाक्य मात्र सुचत नव्हतं.

आज सकाळी मी धाकटी डहाणू या मच्छीमारांच्या गावात सुके बोंबील घ्यायला गेले होते. माझ्या नेहमीच्या मासेवाल्या जमनामावशी दोरीवर बोंबील वाळत घालत होत्या. माझ्या पिशवीतून वही पडून उघडली. नकाशे बघून त्या म्हणाल्या, "काय गो लिहितेस?"

"गोष्ट."

"मंग सांग ना."

मी सुरू केलं, "हजार वर्षांपूर्वी तीन राजघराणी होती. त्यातल्या पहिल्या..."

"ते राहू दे. निघालं कोण?"

खाडीत भरती चढत होती. कोवळ्या उन्हात लांबच्या होड्या हवेत तरंगल्यासारख्या दिसत होत्या. त्यांच्याकडे बघता बघता तोंडून निघून गेलं, "एक मुलगी निघाली. समुद्र जिथे झोपायला जातो, ते गाव शोधायला."

मावशींचे हात थांबले. "एकटीच? घरी सांगून गेली का?"

"नाही. आईने जाऊच दिलं नसतं."

"मंग पुढं?"

पुढचं मलाही माहीत नव्हतं, तरी सांगत गेले. नंतर तिथेच एका उलट्या होडीला टेकून सगळं लिहून काढलं. दोन पानं झाली!

मला वाटायचं, आधी अख्खं जग उभं करावं लागतं. आज ऐकणारं एक माणूस पुरलं.

तुमची अडलेली गोष्ट तुम्ही कधी कुणाला तोंडी सांगून पाहिलीय का?