माणिकराव पोस्टमन आणि तीस किलोची अट

छत्तीस वर्षांच्या नोकरीत माणिकराव पोस्टमनला एकूण अकरा कुत्री चावली. नऊ जानेफळची आणि दोन पाहुणी. पहिल्या चाव्याला पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायची पद्धत होती, शेवटच्या चाव्याला दंडात घेतली की भागत होतं. म्हणजे वैद्यकशास्त्राची प्रगती या माणसाने स्वतःच्या अंगावर मोजलेली. अशा माणसाच्या घरात दोन कुत्री राहायला यावीत, आणि तीही थेट त्याच्या पलंगावर, यावर गावाचा पहिले आठ दिवस विश्वासच बसला नाही. नंतर बसला, कारण ती कुत्री रोज सकाळी नऊ वाजता ज्याच्या त्याच्या दारात येऊन उभी राहू लागली.

पण आधी ती आली कशी, ते सांगायला हवं. माणिकरावांची एकुलती लेक धम्मशीला देऊळगाव राजाला गुरांची डॉक्टर आहे. शर्यतीचा नाद असलेल्या कुण्या बहाद्दराने आपले दोन ग्रेहाऊंड कुत्रे रस्त्याकडेच्या बाभळीला बांधून तोंड काळं केलं होतं. नराचा मागचा पाय घोट्याशी मोडलेला. मादीला काही झालेलं नव्हतं, तिचा गुन्हा एवढाच की त्याला सोडून ती धावायला तयार नव्हती. धम्मशीलाने पाय जोडला, दोन महिने दोघांना आपल्या खोलीवर सांभाळलं आणि डिसेंबरातल्या एका रविवारी गाडीत घालून जानेफळला आणलं.

"बाबा, थोडे दिवस ठेवा. माह्या खोलीत आता पाय ठेवाले जागा नाई."

"नावं काय यायची?" माणिकरावांनी चार हात लांबूनच विचारलं.

"हा तुफान. ते बिजली."

तुफान गाडीतून उतरला. त्याने अंगण पाहिलं, घर पाहिलं, पलंग पाहिला. मग पलंगावर चढून उताणा झाला, चारी पाय छताकडे केले आणि संध्याकाळी पाचपर्यंत झोपला. बिजली त्याच्या शेजारी, माणिकरावांच्या उशीवर.

"हे तुफान?" माणिकरावांच्या पत्नी कलाबाई म्हणाल्या. "याच्यापेक्षा आपलं जातं जास्त हालते."

ग्रेहाऊंड म्हणजे मोटारसायकलीला मागे टाकणारा आळशी. दिवसाचे अठरा तास झोपणार, उरलेल्या वेळात उठून दुसरी जागा शोधणार. मग एकाएकी काय अंगात येतं कुणास ठाऊक, दोघं अंगणात सुटत. मिनिटाभरात सात-आठ फेऱ्या, वाळत घातलेली बोरं चहूकडे, कलाबाई खांबाला धरून उभ्या, आणि पुन्हा पलंग. बिजलीला फार आनंद झाला की तिचे दात कडकड वाजायचे. तुफानची तऱ्हा और. तो कुणाजवळही जाऊन सगळं अंग त्याच्या मांडीवर रेलून उभा राहायचा. पहिल्यांदा तो असा रेलला तेव्हा कलाबाईंना वाटलं, याला चक्कर आली. त्यांनी त्याला कांदा हुंगवला.

अंगावर चरबी नाही, कातडी कागदासारखी, त्यामुळे थंडीत दोघं लटलट कापायची. कलाबाईंनी पेटी उघडली, माणिकरावांचे दोन खाकी युनिफॉर्म काढले आणि आत जुन्या लुगड्याचं अस्तर लावून दोन झुली शिवल्या. बैलाला पोळ्याला घालतात तशा, फक्त खाकी. वरचा खिसा तुफानच्या बरोबर पाठीवर आला. माणिकरावांनी ते पाहिलं आणि त्यांना आधी संताप आला. छत्तीस वर्षं इस्त्री करून घातलेला कपडा तो. पण तुफान त्या खाकीत असा गंभीर चेहऱ्याने उभा होता, जणू रजिस्टर पत्रावर सही घ्यायला आलाय. माणिकराव हसत सुटले. हसता हसता ओट्यावर बसले, तरी थांबेनात. कलाबाईंना फार बरं वाटलं. आठ महिन्यांत हा माणूस हसला नव्हता.

निवृत्त झाल्यापासून त्यांचं असंच चाललं होतं. पाय घरात ठरत नव्हते, पण बाहेर जायचं तर कुठे? हातात पत्र नाही, मनिऑर्डर नाही, मग कुणाच्या दारात कोणत्या तोंडाने उभं राहायचं? छत्तीस वर्षं ज्या दारांनी वाट पाहिली त्यांच्यासमोरून रिकाम्या हाताने जायची त्यांना लाज वाटायची. म्हणून घरात बसले. जेवणावरचं मन उडालं. विचारलं तर म्हणायचे, "भूक नाई."

कुत्र्यांना मात्र फिरवणं भाग होतं. सकाळी दोन्ही पट्टे हातात घेऊन ते निघाले आणि पायांना जी एकच वाट ठाऊक होती त्या वाटेने चालू लागले. पोस्टाची बीट. सव्वीस घरं, ठरलेला क्रम, ठरलेली वळणं. सवयीने प्रत्येक दाराशी पाय थांबायचे, आणि पाय थांबले की दार उघडायचं.

उघडणारा माणूस आधी कुत्र्यांकडे पाहायचा आणि मग माणिकरावांकडे, आणि त्या दुसऱ्या पाहण्यात दया नसायची.

"काऊन हो माणिकभाऊ, पेन्शन चालू नाई झाली का? बरगड्या मोजता येऊन राह्यल्या मुक्या जनावराच्या."

"अहो, याची जातच तशी हाय."

"जात कशी बी असो, पोट तं सारखंच असते ना?"

सत्यभामाबाईंनी तर काही विचारलंच नाही, तूप लावलेली अख्खी भाकरी आणून तुफानसमोर धरली. खुर्शीदाभाभींनी उकडलेली अंडी दिली, भुकेल्याला खाऊ घालणं सवाबचं, पुण्याचं काम म्हणून. निवृत्त मास्तर किसनरावांनी ग्रेहाऊंडविषयी मोबाईलवर सगळं वाचून काढलं, हा कुत्रा जातीनेच काटकुळा असतो असं दोन दिवस सगळ्यांना समजावून सांगितलं, आणि तिसऱ्या दिवशी गुपचूप बिस्किटाचा पुडा फोडला. बिजली चोखंदळ, हुंगून मान फिरवायची. तुफान कुणाचा शब्द खाली पडू देत नव्हता.

महिन्याने धम्मशीला आली आणि वजन करायचं म्हणाली. खुर्शीदाभाभींचे यजमान बशीरभाई यांचं अडत दुकान आहे, तिथे सोयाबीनची पोती तोलायचा मोठा काटा. पण तुफान काट्यावर उभा राहीना, पाय थरथरायला लागले. मग धान्य तोलताना बारदानाचं, म्हणजे रिकाम्या पोत्याचं, वजन वजा करतात तशीच युक्ती केली. आधी माणिकराव एकटे चढले, चोपन्न किलो. मग तुफानला कवेत घेऊन चढले, शहाऐंशी.

"बत्तीस," धम्मशीला म्हणाली, आणि तिचा चेहरा उतरला. "बाबा, आनला तवा अठ्ठावीस होता. याचा पाय नवा जोडलेला हाय. तीसच्या वर वजन राह्यलं तर पाय पुन्हा जाईन, आन मंग तो उभा नाई राह्यनार. पुढच्या महिन्यात तीसच्या आत आला नाई तं मी दोघायले घेऊन जाईन. अकोल्याची एक बाई घ्याले तयार हाय."

"घेऊन जा की," माणिकराव म्हणाले. "मी काय बोलावलं होतं यायले?"

असं म्हणाले खरे, पण त्या रात्री तुफान त्यांच्या पोटऱ्यांवर डोकं ठेवून झोपला आणि पायाला मुंग्या आल्या तरी त्यांनी कूस बदलली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वाट बदलली, गावाबाहेर शेतांकडे. तुफान वळणावर खांबासारखा रुतून उभा राहिला. ओढला तरी ढिम्म. तिसऱ्या दिवशी त्याने पट्ट्यातून मान काढून घेतली आणि एकटाच बीटवर गेला. माणिकरावांचा फोन वाजायला लागला. आधी खुर्शीदाभाभी, तुमचा पोस्टमन आलाय म्हणून. मग किसनराव. मग सत्यभामाबाईंची सून. एकही घर न गाळता, क्रम जराही न चुकवता. मागे धावण्यात अर्थ नव्हता, तो प्राणी कुणाला सापडणार? माणिकराव शांतपणे शेवटच्या, सव्विसाव्या घराच्या पायरीवर जाऊन बसले. साडेअकराला तुफान आला, तोंडाला खीर लागलेली.

घरोघरी जाऊन सांगून पाहिलं. लोक मान डोलवायचे आणि मनात म्हणायचे, चिक्कू आहे माणूस. तेव्हा माणिकरावांनी एक गोष्ट केली. आयुष्यभर लोकांची पत्रं वाटणाऱ्या या माणसाने स्वतः कधी एक पत्र लिहिलं नव्हतं. ते पोस्टात गेले, सव्वीस कार्डं घेतली आणि दोन दिवस ओट्यावर बसून लिहीत राहिले. सगळ्यांवर मजकूर एकच:

"तुफानला काही खायला देऊ नये ही विनंती. तो उपाशी नाही. त्याचं वजन तीस किलोच्या वर राहिलं तर पाय मोडेल आणि माझी मुलगी दोघांना घेऊन जाईल. ते गेले तर मला तुमच्या दारात येण्याचं कारण उरणार नाही, आणि मी परत घरात बसेन. आपला, माणिकराव पोस्टमन."

नवीन पोस्टमन शेखरने ती कार्डं एका सकाळी वाटली. जानेफळमध्ये बऱ्याच वर्षांनी सव्वीस घरांना एकाच दिवशी हाताने लिहिलेलं पत्र आलं होतं. सत्यभामाबाईंना वाचता येत नाही, त्यांना सुनेने वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "पुन्हा वाच."

दुसऱ्या दिवशी कुणीच तुफानला काही दिलं नाही. तो प्रत्येक दारात उभा राहिला, रेलला, डोळे मोठे केले, पण गाव बधलं नाही. पण दारात आलेल्याला रिकाम्या तोंडी कसं पाठवायचं? आपल्याकडे तशी रीतच नाही. कुत्र्यासाठी काढलेलं ताट आता पट्टा धरणाऱ्यासमोर येऊ लागलं. एके ठिकाणी चहा, पुढे पोहे, सत्यभामाबाईंकडे तीच तूप लावलेली भाकरी, खुर्शीदाभाभींकडे शेवयांची खीर. "कुत्र्याले नाई देत बाप्पा, तुमी तं खा." माणिकराव खात गेले. नाही म्हणायचं तरी कुणाकुणाला? आणि खरं सांगायचं तर त्यांना भूक लागत होती.

वजनाच्या रविवारी बशीरभाईंच्या दुकानासमोर निम्मी बीट जमली. कलाबाई पदर तोंडावर धरून उभ्या. तुफान पुन्हा काट्यावर चढेना, तेव्हा माणिकरावांनी त्याला कवेत उचललं. आकडे पळाले आणि थांबले. अठ्ठ्याऐंशी.

"तुमचे चोपन्न वजा," बशीरभाई हळू आवाजात म्हणाले. "चौतीस."

मग सगळे एकमेकांकडे पाहू लागले, कोण चोरून देत होतं म्हणून. "मी नाई हो, पोराची शपथ," किसनराव म्हणाले, तर त्यांच्यावर सगळ्यांचा संशय वाढला. धम्मशीलाने बिजलीचा पट्टा हातात घेतला. तिला ते करायचं नव्हतं, पण त्याचा पाय तिनेच जोडला होता.

माणिकराव काट्यावरून उतरले नाहीत. तुफानला छातीशी घट्ट धरून म्हणाले, "धम्मशीला, मी तुले कधी काही मागतलं नाई. हा नेऊ नको. बिजलीलेबी नेऊ नको. मी खोटं बोललो होतो, मले हे दोघं पाह्यजेत."

तुफानने त्यांचा कान चाटला. त्याला उचलून धरणारा माणूस इतका वेळ थकत कसा नाही, हे पहिल्यांदा लक्षात आलं ते पोती तोलण्यात आयुष्य गेलेल्या बशीरभाईंच्या.

"ठहरो," ते म्हणाले. "बारदान बदललं असंन तं जुनं वजन कसं चालंन? माणिकभाऊ, कुत्र्याले खाली ठेवा. तुमी एकटे उभे राहा."

माणिकराव एकटे उभे राहिले. अठ्ठावन्न किलो, पाचशे ग्रॅम.

हिशोब आधी किसनराव मास्तरांच्या डोक्यात झाला. "साडेएकोणतीस," ते ओरडले, आणि मग जे हसणं उसळलं त्यात बिजलीचे दात वाजायला लागले. खुर्शीदाभाभी हसता हसता पोत्यावर बसल्या. सत्यभामाबाईंना समजलं नव्हतं, तरी त्या सगळ्यांत जास्त हसत होत्या. सुनेने कानात सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "म्हंजे माही भाकर लागली त्यायले."

धम्मशीला तेवढी हसत नव्हती. ती काट्यावरच्या आकड्याकडे पाहत होती. दोन कुत्र्यांचं वजन, औषधं, टाके सगळं तिने महिन्याच्या महिन्याला वहीत लिहिलं होतं. बापाला मात्र निवृत्तीनंतर तिने एकदाही काट्यावर उभं केलं नव्हतं. साठ किलोचा माणूस आठ महिन्यांत चोपन्नवर आला तेव्हा गावाने कुत्र्याच्या बरगड्या पाहिल्या, आणि डॉक्टर असून तिनेही त्याच पाहिल्या.

ती पुढे झाली आणि काट्यावर उभ्या असलेल्या बापाचा हात धरला.

"उतरू नका, बाबा," ती म्हणाली. "मले नीट पाहू द्या."